भैरूची काठी

गुरुवार, ३ जुलै २००३

आजचा भैरू वाचून डोकं फिरलं.

मंडईजवळून जे साप्ताहिक निघतं त्याच्या शेवटच्या पानावर ‘रातपहारा’ ही चित्रमालिका येते. गेलं वर्षभर मी एकही गुरुवार चुकवलेला नाही. भैरू हा नदीकाठच्या एका शहराचा पहारेकरी. त्या शहरात बंद दारांआड रोज कोणीतरी कोणाला तरी मारत असतं. आज एका पहिलवानाने थोरल्या भावाचं डोकं पाट्यावर दाबून वरवंटा घातला. चित्रकार ‘काजळी’ एवढंच नाव लावतो. त्याने वरवंटा, केस आणि रक्त एकाच चौकटीत असं काढलंय की मी चहा बाजूला ठेवला. पुढच्या चौकटीत भैरू. खिडकीबाहेर उभा, सगळं पाहिलेला, हातात काठी. तो काय करतो? काठी जमिनीवर आपटतो, “हुश्शाऽर!” म्हणतो आणि पुढच्या गल्लीत जातो.

मी चिडून पान बायकोला, दीपमालाला, दाखवलं. ती कॉलेजच्या ऑफिसात निघाली होती, डबा भरत होती. म्हणाली, “घरी बसलेल्या माणसाने असलं वाचू नये. डोक्यात जागा रिकामी असते, सगळं आत जातं.”

मी घरी ‘बसलेलो’ नाही. बँकेने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली, मी घेतली. माझी इच्छा त्यात किती होती हे अजून नीट तपासलेलं नाही, एवढं मान्य करतो.

सोमवार, ७ जुलै

दुपारी वरून पुन्हा तो आवाज. जड काहीतरी ओढल्यासारखा, मग धप्प. मग माणसाचा आवाज, एकदाच.

वर लोणकर राहतात. मुलगा अभिनव हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीडर आहे. कामाची वेळ अमेरिकेची, त्यामुळे कंपनीची बस त्याला संध्याकाळी घेऊन जाते आणि सकाळी आणून सोडते. दुपारी तो झोपतो. बायको दीड वर्षासाठी अमेरिकेत. घरात दुसरे फक्त वडील, मच्छिंद्रराव. जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची बॅनर रंगवायचे. फ्लेक्स आलं आणि ते घरी आले.

संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी मोजायला निघालो तर जिन्यात भेटले. ओठ फुटलेला. मी विचारलं.

“बाथरूममध्ये घसरलो,” म्हणाले. मग माझ्या हातातल्या काठीकडे बघत राहिले. “ही कशाला?”

मी समजावलं. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून पाणी डोळ्यांच्या अंदाजाने सोडायचं मी बंद केलं आहे. बांबूला स्वतः चाकूने तीन खाचा पाडल्या: पाव, निम्मी, पाऊण. सर्वांत खालची चाकू निसटून तिरकी गेली. त्यांनी त्या तिरक्या खाचेवरून बोट फिरवलं. बोटांच्या कडांना काळं लागलेलं होतं.

“अभिनवचे बूट पॉलिश करत होतो,” म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

माणूस या वयात घसरला तर खुबा जातो. उद्या एक रबरी मॅट घेऊन देईन. सेक्रेटरीचं काम नव्हे, पण शेजाऱ्याचं आहे.

गुरुवार, २४ जुलै

भैरूने आज हद्द केली. एक लोहार आपल्या मुक्या गड्याची बोटं ऐरणीवर ठेवून हातोडीने चेचतो. एकेका बोटाला एकेक चौकट. गड्याला ओरडता येत नाही, म्हणून काजळीने त्याचं तोंड प्रत्येक चौकटीत मोठं मोठं काढत नेलंय, शेवटी सगळी चौकटच ते काळं तोंड. रक्त दाराखालून रस्त्यावर येतं. भैरू येतो. बघतो. जातो आणि एक गोणपाट आणून रक्तावर अंथरतो, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून!

इतका निर्बुद्ध माणूस नायक कसा असू शकतो? दार समोर आहे. काठी हातात आहे. ती तरी काय सुरेख काढतो हा काजळी. हल्ली तिच्यावर खाचासुद्धा दाखवतो. मारलेल्यांचा हिशेब असावा. पण मारलं कोणाला याने?

दीपमालाने पान बघितलं, मग वर छताकडे बघितलं. “मॅट पोचली का लोणकरांकडे?” एवढंच विचारलं.

“पोचली. मच्छिंद्रराव फार वेळ बघत होते तिच्याकडे. आवडली असावी.”

बुधवार, ३० जुलै

आज दुपारी आवाज फारच. काच फुटली, मग ओरडणं. “नको रे” असं काहीसं. टीव्ही असेल असं आधी वाटलं. मग वाटलं, टीव्ही असो की नसो, एक ते चार ही वेळ झोपेची आहे. नोटीस लावायची ठरवली. कोणाचंही नाव घ्यायचं नाही, उगाच कोणी दुखावला जायला नको. चार वेळा मसुदा केला:

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दुपारी एक ते चार या वेळेत काही सदनिकांतून वस्तू आपटल्याचे व ओरडल्याचे आवाज येतात. ते तात्काळ बंद व्हावेत. सभ्य वस्तीत घरातला आवाज भिंतीबाहेर जात नसतो.’

शेवटचं वाक्य साधलं आहे.

टाइप कुठे करायची? इमारतीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर अभिनवकडे. बस यायच्या आधी संध्याकाळी गेलो. दारातच त्याने कागद वाचला.

“एकदम करेक्ट आहे काका. मी बाबांना रोज हेच सांगतो. रात्रभर कॉल्स असतात, दुपारी जरा डोळा लागला की यांची खुडबुड सुरू.”

“तुझ्याकडे काही फुटलं का रे आज?”

“काचेची बरणी. त्यांच्या हातून पडली. वय झालंय ना.” हसला. चांगला मुलगा आहे. दोन प्रती जास्त काढल्या. एक म्हणे स्वतःच्या दारावर आतून चिकटवणार.

बुधवार, ६ ऑगस्ट

नोटिशीचा गुण आला. आठवडाभर वरून चकार शब्द नाही. दुपारी मीही झोपलो.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी, म्हणून दीपमाला घरी. दुपारी आडवी झाली होती, ती उठून बसली. “ऐकलंत?”

“काही नाही. नोटिशीपासून शांत आहे.”

“शांत नाही. दबल्यासारखं आहे. उशीवर मारल्यासारखं. ऐका.”

ऐकलं. काहीतरी होतं. नसेलही कदाचित.

“वर जा,” ती म्हणाली.

“जाऊन काय विचारू? तुमच्याकडे शांतता का आहे म्हणून?”

“मग अजून एक नोटीस लावा. शांतता जरा कमी ठेवावी.”

गेलो. दारापर्यंत गेलो. बेलपाशी बोट नेलं, आणि विचार केला: दीपमालाला वाटलं, मला नाही. एखाद्या सभ्य, कर्तबगार मुलावर केवळ संशयाने बोट ठेवणं हा अन्याय नव्हे का? आत काही ऐकू येत नव्हतं. दाराच्या काचेच्या भोकात क्षणभर अंधार झाल्यासारखं वाटलं. खाली आलो.

“काय झालं?”

“झोपलेत.”

हे मी खोटं बोललो. नोंद असावी म्हणून लिहितो.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मंडईत भाजी आणि साप्ताहिक घेतलं. कर्वेनगरच्या बसमध्ये मच्छिंद्रराव भेटले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. पुन्हा घसरले, मॅट असूनही. मी म्हटलं, मॅट नीट बसवली नसेल, बघून जातो. ते म्हणाले, “मॅट चांगली आहे हो. मॅटचा दोष नाही.”

मी अंक उघडला होता. त्यांनी विचारलं, “हे वाचता तुम्ही?”

मग मला राहवलं नाही. मारुतीच्या देवळापासून ते आमच्या स्टॉपपर्यंत मी भैरूवर बोललो. म्हटलं, काजळी हा मोठा चित्रकार आहे, पण नायक भेकड. नुसता बघतो, नुसता ऐकतो. वाचकाने किती सहन करायचं?

“मग काय करावं त्यानं?”

“काठी उचलावी!”

“अन् मग?”

“मग काय? टाळकी फोडावीत. एकाचं तरी. रक्त दुसऱ्या बाजूचंही सांडलेलं दिसू दे की एकदा.”

ते खिडकीबाहेर बघत होते. “तुम्ही असतात तर उचलली असती?”

“प्रश्नच नाही.”

“हां,” म्हणाले. उतरताना मी त्यांची पिशवी धरली. “मला वाटतं,” ते म्हणाले, “चित्रकाराला तेवढं नको असेल. त्याला कमीच पाहिजे असेल काहीतरी.”

जुन्या माणसांना हिंसा झेपत नाही. साहजिक आहे.

गुरुवार, ४ सप्टेंबर

गणपती. मांडवातल्या स्पीकरमुळे घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे वरच्या मजल्याचं काय ऐकू येणार.

‘रातपहारा’ उतरणीला लागलंय. गेले दोन अंक रेषा थरथरते. चेहरे वाकडे, हात म्हणजे मुळ्या. काजळी आता मन लावून काढत नाही. पूर्वी त्याची एक रेष गळा चिरल्यासारखी जायची. आता शाळेतल्या पोराने डाव्या हाताने काढल्यासारखी दिसते. त्यात आज भैरू एका दाराशी जातो, कडीला हात घालतो आणि काढून घेतो. बस्. आठ चौकटी यातच गेल्या.

संपादकांना पत्र टाकलं. स्पष्ट लिहिलं: रेषा वाईट झाली आहे, आणि भैरूने पुढच्या दोन अंकांत काठी उचलली नाही तर मी अंक घेणं बंद करीन. खाली सही केली नाही, ‘एक जुना वाचक’ असं लिहिलं. टाकल्यावर वाटलं, सही करायला हवी होती.

गुरुवार, ११ सप्टेंबर

अंक तीनदा वाचला.

आजच्या अंकात भैरू चौकात एक पाटी ठोकतो. पाटीवर लिहिलंय: ‘सभ्य वस्तीत घरातला आवाज भिंतीबाहेर जात नसतो.’ माझं वाक्य! शब्दाला शब्द. पाटी लागते, आणि पुढच्या चौकटींत घराघरांत मारणारे आधी तोंडात बोळे कोंबतात आणि मग सावकाश, निवांत मारतात. बरगड्या, गुडघे, बोटं. रस्ता शांत. भैरू समाधानाने भिंतीला टेकून झोपतो.

चौकटीखाली बारीक अक्षरांत: ‘जुन्या वाचकास: काठी मी त्याच्या हातात दिली आहे. ती मारायलाच असते, असं मी म्हटलेलं नाही.’

म्हणजे आमच्या इमारतीतला कोणीतरी या काजळीला माहिती पुरवतो. सोसायटीची नोटीस बाहेर जातेच कशी? कोण, ते शोधून सर्वसाधारण सभेत विषय घेणार.

दीपमाला पान हातात घेऊन बराच वेळ बसली होती. “तुम्ही खरंच सांगताय?” म्हणाली. “तुम्हाला एवढाच राग आलाय? वाक्य चोरलं म्हणून?”

“मग कशाचा येणार?”

ती उठून आत गेली.

शनिवार, १३ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही. आज जसं झालं तसं लिहितो.

काल दुपारी पाणी लवकर आलं म्हणून गच्चीवर गेलो. टाकीत काठी सोडली, बाहेर काढली. तळच्या खाचेवर शेवाळ होतं, ते अंगठ्याने पुसलं. खाच तिरकी. अंगठा तिथेच राहिला.

तीन खाचा, खालची तिरकी. भैरूच्या काठीची खालची खाचही तिरकी आहे. जुलैपासून मी ती दर गुरुवारी बघतोय. मग बाकीचं आपोआप आलं, एकामागून एक, आणि मला ते थांबवता आलं नाही. गोणपाट म्हणजे माझी मॅट. पाटी म्हणजे माझी नोटीस. कडीवरून काढलेला हात. बोटांचं काळं. प्लास्टरमधलं उजवं मनगट, आणि त्यानंतरची ती थरथरणारी रेष, जी मी आळशीपणाची म्हटली.

काठी घेऊनच जिना उतरलो. लोणकरांच्या दाराशी दबलेला आवाज होता. या वेळी बेल वाजवली.

अभिनवने उघडलं. बनियन, हाफ पँट, जरा धापत होता. “काय काका, पाणी आलं का?”

त्याच्या मागे, माझ्याच मॅटवर, मच्छिंद्रराव पालथे. तोंडात नॅपकिन. डाव्या हाताच्या बोटांवर लाकडी खुर्चीचा पाय. खुर्ची रिकामी होती; तिच्यावर बसलेला माणूस मला दार उघडायला आला होता. जमिनीवर शाई सांडलेली आणि कागद फाडलेले. दारावर आतून माझी नोटीस.

“यांना समजत नाही काका, दुपारी—”

पहिला फटका चौकटीला लागला. दुसरा त्याच्या कोपरावर. हाड वाजलं, सुक्या लाकडासारखं. तो वाकला तेव्हा तोंडावर मारलं, दात नोटिशीखाली जाऊन पडला. तो खाली कोसळला, हाताने डोकं झाकलं, “काका, काका” म्हणत राहिला, आणि मी मारत राहिलो. बांबू ओला होता, दरवेळी पाणी उडत होतं, मग त्यात रक्त आलं. इथवर त्याला थांबवायला मारत होतो असं म्हणता येईल. त्यानंतरचं मला तसं म्हणता येत नाही. मला बरं वाटत होतं. हे लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहितो.

थांबवलं मच्छिंद्ररावांनी. त्यांनी नॅपकिन काढून टाकला आणि ओरडले, “बास! सबनीस, बास! मरंल ना तो!” पाट्या रंगवणाऱ्या माणसाचा आवाज, परांचीवरून खाली हाक मारणारा. अख्ख्या इमारतीने ऐकला. दारं उघडली. मुलाच्या अंगावर तेच पालथे पडले. माझा शेवटचा फटका त्यांच्या पाठीत बसला.

तळमजल्यावरच्या इम्तियाजभाईंनी दोघांना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. गाडीत मीही होतो. ते आरशातून बघत म्हणाले, “आवाज आम्हालाही यायचा, सबनीससाहेब. आम्हाला वाटलं, तुम्ही बघताय वरचं. सेक्रेटरी आहात ना.”

डॉक्टरांनी अभिनवला विचारलं, हे कसं झालं? तो सुजलेल्या तोंडाने म्हणाला, “बाथरूममध्ये घसरलो.”

सोमवार, १५ सप्टेंबर

पोलीस आले नाहीत. त्याने तक्रार केली तर वडील बोलतील, आणि वडील बोलले तर मीही. असा तिघांचा मिळून गप्प बसायचा व्यवहार झालाय. मला तो किळसवाणा वाटतो, आणि सोयीचाही.

दवाखान्यात गेलो. मच्छिंद्ररावांची दोन बोटं हलतात, दोन बांधलीत. पाठीवर माझ्या काठीचा वळ आहे. नर्सने दाखवला. मी आमच्याकडे राहायला या म्हटलं. दीपमालाने खोली आवरून ठेवली आहे.

ते म्हणाले, “बघू.” मग म्हणाले, “पंधरा ऑगस्टला तुम्ही दाराशी आला होतात.”

“तुम्हाला कसं…”

“भोकातून बघत होतो आतून. तो मागं उभा होता, तोंडावर हात धरून माझ्या. बेल वाजली असती तर त्यानं सोडलं असतं. भितो हो तो लोकांना. लई भितो. कुणी आलं की कसा गोड होतो, बघितलाय तुम्ही.” त्यांनी डोळे मिटले. “तुम्ही बसमध्ये म्हणालात, काठी उचलावी. मला काठी नको होती सबनीस. पोरगा आहे तो माझा. बेल पुरली असती. रोज दुपारी एकदा. साखर मागायला आला असतात तरी चाललं असतं.”

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“अन् रेषेबद्दल जे लिहिलंत,” ते म्हणाले, “ते बरोबर होतं. वाईटच आली होती.”

गुरुवार, २५ सप्टेंबर

सेक्रेटरीपद सोडलं. काठी मोडून टाकली. पाणी आता पुन्हा अंदाजाने सुटतं.

मच्छिंद्रराव आमच्याकडे दोन दिवस राहिले आणि वर परत गेले. दीपमालाने खूप समजावलं. म्हणाले, “त्याला एका हातानं आमटी-भात कालवता येत नाही.” ती माझ्यावर चिडली, जणू मीच पाठवलं. मग म्हणाली, “आता दुपारी झोपायचं नाही.”

त्यामुळे रोज दुपारी वर जातो, बेल वाजवतो. पहिल्या दिवशी अभिनवने उघडलं. हात गळ्यात, तोंडाला टाके. मला बघून मागे सरकला. मला त्या मागे सरकण्याची लाज वाटली. थोडं समाधानही वाटलं, त्याची जास्त लाज वाटली. “काय आहे?” त्याने विचारलं. “साखर,” मी म्हटलं. त्याने वाटी आणून दिली. घरात आता साखरेच्या बऱ्याच वाट्या जमल्यात.

आज वाजवली तर कोणी उघडलं नाही. पुन्हा वाजवली. आत काही हलेना. बोट बेलवर ठेवलं ते काढलंच नाही. समोरच्यांनी दार उघडून बघितलं, खालून इम्तियाजभाई वर आले, तरी काढलं नाही. एक ते चार असू दे.

शेवटी मच्छिंद्ररावांनीच उघडलं. डाव्या हाताला शाई. “किती वाजवता? बहिरा नाही मी, चौकट पुरी करत होतो,” म्हणाले. “तो डॉक्टरकडं गेलाय. साखर संपली. चहापत्ती चालेल का?”

जिन्यात उभ्यानेच आजचा अंक उघडला. रेषा अजून थरथरते. सगळ्या चौकटी घराच्या आतून काढलेल्या. अंधार, उचललेला हात, जमिनीवर एक माणूस. मग तोच हात हवेत थांबलेला. शेवटची चौकट दाराच्या भोकातून: बाहेर भैरू, अगदी जवळ, गोल आणि वाकडा दिसणारा, घाबरलेला. मी चौकटीत काठी शोधली. भिंतीलाही टेकवलेली नव्हती. दोन्ही हातांनी तो कडी वाजवत होता.